आडव्या रेघा, उभा मुलूख : भांडगाव आणि पंचक्रोशीच्या भूगोलाची प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गाने निघालं की यवत मागे पडल्यावर आणि चौफुला यायच्या आत भांडगाव लागतं. पुण्यापासून साधारण ५० किलोमीटर, तालुका दौंड, जिल्हा पुणे. लागतं म्हणायचं, पण थांबतो कोण? मोटारीतून जाणाऱ्याला रस्त्याकडेचे कारखाने, गोदामं, ढाबे आणि मधूनच उसाचा एखादा फड दिसतो, तेवढ्यात गाव संपलेलं असतं. बरं, नावही एकट्याचं नाही. भांडगाव इंदापूर तालुक्यात आहे, पारनेर तालुक्यातही आहे. त्यामुळे परगावी ओळख सांगताना ‘यवतजवळचं’ हे शेपूट जोडावं लागतं.

एवढ्याशा गावाचा भूगोल लिहायचा तर लिहायचं काय? शाळेत शिकवलेली रीत सोपी आहे. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, हवामान कोरडे, जमीन हलकी ते मध्यम, मुख्य पिके ज्वारी, बाजरी, ऊस. चार ओळींत काम भागतं आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कारण गावाची शीव ही महसुलाच्या सोयीची गोष्ट आहे. पाणी ती मानत नाही, गुरं मानत नाहीत, बाजार मानत नाही, सोयरीक तर मुळीच मानत नाही. भांडगाव समजून घ्यायचं तर खोर, यवत, खुटबाव, केडगाव, चौफुला, वरवंड, राहू, पारगाव आणि भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातली नदीकाठची गावं इथवर जावंच लागतं.

दौंड तालुक्याचा नकाशा समोर धरला की आधी डोळ्यांत भरतात त्या आडव्या रेघा. वरच्या अंगाला भीमा आणि तिला मिळायला निघालेली मुळा-मुठा. त्याखाली पुणे-दौंड लोहमार्ग. त्याखाली महामार्ग. यांच्या सोबतीने वळणं घेत जाणारे खडकवासल्याचे जुना आणि नवा असे दोन कालवे. तळाला भुलेश्वराची डोंगररांग. थोडाफार कल सोडला तर या सगळ्या रेघा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, आणि त्यातली एकही भांडगावासाठी ओढलेली नाही. लोहमार्ग मुंबई मद्रासला जोडण्यासाठी टाकला, रस्ता सोलापूरच्या दिशेने गेला, कालव्याला इंदापूर गाठायचं होतं आणि पालखीला पंढरपूर. भांडगाव या सगळ्यांच्या वाटेत आलं, इतकंच.

गावातल्या माणसाचं जगणं मात्र या रेघांना काटकोनात चालतं. डोंगराकडची जिरायत, मधल्या पट्ट्यातली विहिरीवरची शेती, नदीकाठचा ऊस, स्टेशन, बाजार, नदीपलीकडची पाहुणेमंडळी हे सगळं दक्षिणोत्तर लागलेलं आहे. म्हणून या मुलखाचा भूगोल महामार्गावरून वाचला की चुकतो. तो डोंगरमाथ्यावर उभं राहून नदीकडे उतरत वाचावा लागतो. पुढच्या पानांची मांडणी त्याच क्रमाने आहे आणि ही प्रस्तावनाही त्याच वाटेने जाणार आहे.

सुरुवात भुलेश्वरापासून. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून पूर्वेकडे ज्या सोंडा फुटल्या, त्यांपैकी सिंहगडाकडून येणारी एक सोंड पुरंदर आणि दौंड यांच्या मधून जाते. तिच्यावर, पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत, यादवकाळातलं भुलेश्वराचं देऊळ आहे. काळ्या पाषाणातलं कोरीवकाम, स्त्रीरूपातला गणेश आणि फोडलेल्या मूर्ती पाहायला लोक पुण्याहून येतात. देवळाभोवती दौलतमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत. सतराव्या शतकात विजापूरच्या मुरार जगदेवाने तो बांधवला. पुण्याच्या पूर्वेच्या वाटांवर नजर ठेवायला ही जागा त्याला सोयीची वाटली, आणि आजही स्वच्छ हवेत इथून उत्तरेला पाहिलं की दौंडचा सगळा उतार नदीपर्यंत नजरेत मावतो.

भूगोलाच्या दृष्टीने देवळापेक्षा हा डोंगर महत्त्वाचा आहे, कारण तो पाणी वाटतो. माथ्याच्या उत्तर अंगाला पडलेला पाऊस ओढ्यांनी मुळा-मुठेकडे आणि भीमेकडे जातो. दक्षिण अंगाला पडलेला कऱ्हेत उतरतो, मोरगावच्या गणपतीवरून बारामतीकडे जातो आणि पुढे नीरेला मिळतो. शेजारी पडलेले दोन थेंब असे वेगळे होतात, आणि त्यांची पुन्हा गाठ पडते ती इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंगपूरला, जिथे नीरा आणि भीमा एकत्र येतात. मधल्या सगळ्या मुलखाच्या शेतीचा, भांडणांचा आणि राजकारणाचा आधार या दोन पाणलोटांत विभागलेला आहे.

हा डोंगर पाणी वाटतो खरा, पण वाटायला त्याच्याकडे फार नसतं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तिथून १०० किलोमीटरच्या आसपास पूर्वेला आलेल्या या भागात त्याचा जेमतेम आठवा हिस्सा, साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, पडतो. तोही जून-जुलैमध्ये हुलकावणी देतो आणि खरा भरवसा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. त्यामुळे डोंगराच्या पायथ्याची खोर, देऊळगाव गाडा, पडवी, कुसेगाव, रोटी, हिंगणीगाडा, वासुंदे, जिरेगाव ही गावं तालुक्यात ‘जिरायती पट्टा’ म्हणूनच ओळखली जातात. परतीचा पाऊस साधला तर रब्बीची ज्वारी. नाही साधला तर कडबासुद्धा विकत.

या कोरड्या पट्ट्यातच एक पीक असं आहे की त्याला हा कोरडेपणाच मानवतो. खोरचं अंजीर. डोंगराच्या पलीकडे पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचं नाव झालं. डोंगराच्या अलीकडच्या या बागा त्याच मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. अंजिराचे बहर दोन, हिवाळ्यात तोडणीला येणारा खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा मीठा. भाव आणि गोडी मीठ्याला. फळ पिकलं की त्याची साल इतकी नाजूक होते की बोटाचा दाबही उमटतो, म्हणून तोडणी पहाटे, ऊन चढायच्या आत. देठातून पांढरा चीक गळतो आणि तो कातडीला लागला की चुरचुरतो. तोडणाऱ्या बायका म्हणूनच हाताला फडकी गुंडाळून झाडाखाली शिरतात. पाटीत अंजिराचीच पानं अंथरायची, त्यावर फळं एकेरी थरात लावायची, आणि दुपारच्या आत माल पुण्याच्या वाटेला लागला पाहिजे. टिकाऊ नसलेलं हे फळ इथे रुजलं, कारण हलकी जमीन दक्षिणेला होती आणि पुण्याचा रस्ता उत्तरेला हाताशी होता. मुलखाची उभी वाट एका पाटीत पाहायची असेल तर ती ही.

डोंगराकडून खाली उतरताना पाण्याच्या जुन्या-नव्या खुणा भेटतात. तलाव, पाझर तलाव, बंधारे. त्यांची तारीख विचारली की बहुतेक वेळा उत्तरात दुष्काळ येतो. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात या भागात तलावांची कामं निघाली. माती वाहणाऱ्या माणसाला त्या दिवसाचं अन्न मिळावं हा पहिला हेतू, पाणी साठावं हा दुसरा. १९७२ला पुन्हा तेच झालं. खडी फोडणाऱ्या, नाला बांधांवर माती टाकणाऱ्या त्या पिढीतली माणसं गावोगाव अजून भेटतात आणि सुकडीची चव सांगतात. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो या अनुभवातूनच. म्हणजे इथले पाणीसाठे नुसत्या नकाशावर आखून ठरलेले नाहीत. उपासमारीच्या वर्षी माणसं जिथे कामाला जमली, तिथेही त्यांच्या जागा ठरल्या.

उतारावरून आणखी खाली आलं की महामार्ग. या रस्त्याचं वय मोजायचं तर डांबर विसरावं लागेल. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, यवतच्या काळभैरवनाथाच्या देवळात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी भांडगाव, चौफुला करत वरवंडला पोचते. यवतचा मुक्काम वारकऱ्यांच्या तोंडी असतो तो पिठलं-भाकरीसाठी. देवळात मोठमोठ्या कढयांत पिठलं शिजतं आणि घरोघरच्या चुलींवरून भाकऱ्यांच्या चवडी येतात. यवत ते वरवंड हा टप्पा सपाट. नंतर पाटस सोडल्यावर रोटीचा घाट येतो आणि तिथे पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पालखी दक्षिणेकडे वळते ती तिथे, आणि त्याच घाटात डोंगररांगेची पूर्वेकडची उतरंड पार होते. कोणत्याही प्राकृतिक नकाशापेक्षा रथाची चढण ही गोष्ट जास्त स्पष्ट सांगते.

आजचा महामार्ग मात्र विसाव्याचा राहिला नाही. चौपदरीकरण झालं तसा भांडगावच्या परिसरात कारखान्यांचा पट्टा उभा राहिला. नोकरीला बाहेरून माणसं आली, भाड्याच्या खोल्या झाल्या, किराणा दुकानांचे मॉल झाले. रस्त्याला लागून असलेल्या गटाचा भाव आणि अर्धा किलोमीटर आतल्या गटाचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडलं. पूर्वी जमिनीची किंमत तिच्या मातीवर आणि विहिरीवर ठरायची, आता ती रस्त्यापासूनच्या अंतरावर ठरते. ज्याची खडकाळ जमीन रस्त्याला लागून होती तो पुढे गेला आणि ज्याची काळी जमीन आत होती तो मागे राहिला. एकाच भावकीत ही उलथापालथ झाल्याची उदाहरणं या महामार्गावर कुठेही मिळतील.

भांडगावच्या पुढचा चौफुला हे या सगळ्या मांडणीचं चांगलं उदाहरण आहे. इथे आडवी सोलापूर वाट आणि उभी शिरूर-मोरगाव वाट एकमेकींना छेदतात. उत्तरेला रस्ता केडगाव, पारगाव, भीमेचा पूल करत न्हावऱ्याला आणि पुढे शिरूरला जातो. दक्षिणेला सुप्याला आणि मोरगावला. चौफुल्याचं नाव महाराष्ट्रभर झालं ते लावणीच्या थिएटरांमुळे. संगीत बाऱ्या इथे टिकल्या त्यामागेही हा छेदच आहे. घाटावरचा ऊसवाला, नगरकडचा व्यापारी, सोलापूर वाटेवरचा ट्रकवाला सगळे एका रात्रीत इथे पोचू शकत होते.

आता कालव्याकडे. भांडगाव परिसराच्या शेतीचे दोन काळ पाडायचे तर कालव्याआधीचा आणि कालव्यानंतरचा असेच पाडावे लागतील. फाइफ नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या योजनेतून मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात उभं राहिलं आणि त्याचा उजवा कालवा हवेली ओलांडून पाटसच्या दिशेने आणला गेला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटलं. पुण्याचा पूर सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या दिवशी कालव्याखालच्या गावांचं पाणीही तुटलं हे कोणी फारसं सांगत नाही. पुढे धरण पुन्हा बांधलं गेलं आणि सुमारे २०० किलोमीटर लांबीचा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड करत इंदापूरपर्यंत गेला.

कालवा समपातळीच्या रेषेने, अगदी किंचित उतार धरून चालतो. त्यामुळे तो मुलखाचे दोन भाग करतो. त्याच्या खालच्या अंगाला पाणी आपोआप उतरतं, वरच्या अंगाला ते पंपाने उचलावं लागतं. कागदावर हा फरक काही मीटर उंचीचा. प्रत्यक्षात तो दोन शेजाऱ्यांच्या घरांत, मुलांच्या शिक्षणात, मुलीच्या स्थळात दिसतो. वरच्या अंगाच्या गावांसाठी जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजना आल्या. त्यांचं पाणी चढतं, पण सोबत विजेचं बिलही चढतं, आणि आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार याची वाट पाहणं काही संपत नाही.

पारावर कान दिला तर ‘आवर्तन’ हा शब्द पावसापेक्षा जास्त ऐकू येईल. आवर्तन सुटलं का, पाटकरी आला का, दारं किती उघडली, शेपटाला पाणी पोचलं का. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. शेतीसाठी बांधलेल्या या साखळीवर पुणे शहराची तहान वर्षागणिक वाढत गेली आणि उन्हाळ्याचं आवर्तन आखडत गेलं. त्याची भरपाई म्हणून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या कालव्यात सोडलं जातं. गावकरी या कालव्याला ‘बेबी कॅनॉल’ म्हणतात. आधी शहर पाणी पिणार, मग त्याचं उरलेलं शेताला येणार, अशी ही वाटणी. भांडगावच्या पंचक्रोशीचा पाऊस इथल्या आभाळात पडत नाही, तो मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात पडतो आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतून खाली येतो. हवामानाच्या प्रकरणात ही बैठकही घ्यायला हवी.

महामार्गाच्या उत्तरेला लोहमार्ग. पुण्याहून पूर्वेकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५८ साली इथून पुढे गेली. यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस ही आज या भागातली स्टेशनं. रेल्वेने आणलेला मोठा बदल केडगावला दिसतो. गुळाची आणि कांद्याची बाजारपेठ तिथे वाढली ती स्टेशनामुळे. योगायोग असा की लोहमार्ग इथे आला त्याच १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला, आणि चाळीसेक वर्षांनी त्यांनी आपल्या कामासाठी केडगावचीच जमीन निवडली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून सोडवून आणलेल्या निराधार मुली आणि बायका इथे रेल्वेनेच आल्या. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता आणि तो बायका चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्णपणे छापून निघाला. त्याच केडगावच्या बेटावर नारायण महाराजांचं दत्तस्थान आहे. एका छोट्या स्टेशनाच्या आसऱ्याला इतक्या भिन्न गोष्टी नांदल्या.

रेल्वेबरोबर सावकारीही पसरली. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात चढलेला कापसाचा भाव पुढे कोसळला, सरकारने साऱ्याची फेरआकारणी करून बोजा वाढवला आणि कुणबी कर्जात रुतला. १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसं मारणं हा हेतू नव्हता, कागद नष्ट करणं हा होता. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदलं गेलं, चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्डे भीमेच्या उत्तरेला आणि सुपं डोंगरापलीकडे दक्षिणेला. भांडगाव या दोहोंच्या मध्ये येतं. असंतोषाने धरलेली वाटही उभीच होती.

रूळ ओलांडून उत्तरेला गेलं की जमिनीचा रंग पालटतो. मुरूम संपतो, काळी येते, आणि उसाच्या भिंती दोन्ही बाजूंनी रस्ता दाबायला लागतात. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या मुलखाला ‘राहू बेट’ म्हणतात. वाळकीच्या आणि नदीपलीकडच्या रांजणगाव सांडसच्या शिवेवर या नद्यांचा संगम होतो आणि तिथून पुढे नुसती भीमा उरते. इथला शेतकरी पावसाची चौकशी वरवर करतो. त्याची खरी चौकशी बंधाऱ्याच्या ढाप्यांची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांची, असते.

या पट्ट्याची ओळख गुऱ्हाळं. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळलेलं चिपाड जळत असतं. रस तापला की वर मळी येते, ती झाऱ्याने काढतात, आणि रस निवळावा म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतात. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या घड्याळावर ठरवत नाही. पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी बोटांत फिरवून पाहतो. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ काळा पडतो, घाई झाली तर ढेप बसत नाही. ही विद्या पूर्वी इथल्याच घरांत होती, आता अनेक गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कारागीर दिसतात. साखर कारखाना उसाला तोड कधी देईल याचा नेम नाही, पैसे हप्त्याने येतात. गुऱ्हाळ मात्र लगेच तोड आणि रोख पैसे देतं. लहान शेतकऱ्याने गुऱ्हाळ का सोडलं नाही याचं कारण या रोखीत आहे.

सुबत्तेची किंमतही इथेच मोजली जाते. वर्षानुवर्षं पाटपाणी देऊन नदीकाठच्या काही जमिनी क्षारपड झाल्या. पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा उन्हाळ्यात जलपर्णीने झाकली जाते आणि काठच्या विहिरींनाही त्याचा वास लागतो. उसाच्या गर्दीत बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला जागा मिळाली. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या हातात आता बॅटरीबरोबर काठीही असते. शिरूरच्या मांडवगण फराट्याकडे आणि दौंडच्या राहू बेटात ही भीती सारखीच आहे. तालुक्याची हद्द बिबट्याला कोणी सांगितलेली नाही.

भीमा ही शिरूर आणि दौंडची शीव. पण दोन्ही काठांवरची माती, पीक, बोली, देवदेवता आणि आडनावं पाहिली तर ती शिवेपेक्षा घरातल्या ओटीसारखी वाटते, दोन्ही बाजूंनी माणसं येऊन बसावीत अशी. या काठांचं जुनं नाव भीमथडी. दौंडचा बराच भाग पूर्वी भीमथडी तालुक्यात होता, आणि मराठी फौजांचं काटक, कमी चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारं भीमथडी तट्टू याच काठांवर निपजलं. चारा कमी, पाणी लांब, जमीन खडकाळ अशा ठिकाणी जो घोडा तगला तो उत्तरेपर्यंत धावला. आज ते तट्टू धनगरांच्या वाड्यांबरोबर, कोकरं आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन, याच शिवारांतून दिवाळीनंतर जाताना दिसतं. त्यांची वाट रस्त्याने कमी आणि ओढ्यांच्या कडेने जास्त असते.

गावाचा असा अभ्यास करण्याची परंपरा आपल्या भागाला नवी नाही, उलट ती इथेच रुजली म्हणता येईल. पेशवाई संपल्यावर लगेच, १८१९-२०च्या सुमारास, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने पुणे-नगर वाटेवरच्या लोणीकंदचं तपशीलवार वर्णन लिहिलं. सव्वाशे वर्षांनंतर काय बदललं हे पाहायला समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये पुन्हा त्याच गावाकडे वळले. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ आलं. पुण्याच्या शेती महाविद्यालयातले हॅरॉल्ड मॅन यांनी आधी पिंपळे सौदागरचा आणि नंतर, कानिटकरांच्या सोबतीने, शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा अभ्यास केला, तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, बाहेर कामाला जाणारे किती, हे त्यांनी घर-घर फिरून मोजलं. सरकारी मोजणीचा इतिहासही शेजारचाच. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची नवी पद्धत १८३०च्या दशकात इंदापुरापासूनच सुरू केली.

या अभ्यासांचं मोल मोठं आहे, पण एक मर्यादा त्यांना समान आहे. त्यांनी गाव हे एकक धरलं आणि शिवेपाशी ते थांबले. कोट्सच्या किंवा मॅनच्या काळात ते चालण्यासारखं होतं. आज भांडगावच्या विहिरीची पातळी ठरते ती वरच्या गावात किती बोअर पडल्या त्यावर, खडकवासल्यातून किती आवर्तनं सुटली त्यावर आणि खालच्या बंधाऱ्याचे ढापे कधी बसले त्यावर. गावाच्या आतून ती कळणारच नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा म्हणूनच पाण्याची मोजणी पाणलोटावर करते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा मात्र शिवेच्या आत आखला जातो, जलसंधारणाची कामंही गाववार मंजूर होतात. एका गावाने नाला खोल केला आणि खालच्या गावाचा ओढा आटला, अशी तक्रार मग कोणत्याच दप्तरात बसत नाही.

पुढच्या पानांत म्हणून गावांची प्रकरणं नाहीत, पट्ट्यांची आहेत. डोंगर आणि जिरायत, कालव्याची वरची आणि खालची बाजू, रस्ता आणि रूळ, राहू बेट आणि नदी, आणि शेवटी पलीकडचा काठ. भूमापन खात्याच्या ४७ जे या नकाशापत्रकावर हा सगळा मुलूख सापडतो. समोच्च रेषा, ओढे, विहिरी तिथे आहेत. नाहीत त्या गोष्टी गावातल्यांनाच भराव्या लागतील. कोणता ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कोणत्या विहिरीला १९७२ला पाणी होतं, बुजलेली पाणंद कुठून जायची, कोणत्या गटात कालव्याचं पाणी पाझरून जमीन चिबडली. अशी माहिती साठ-सत्तरीच्या माणसांकडे आहे आणि ती विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत.

भांडगाव आणि त्याच्या वरच्या-खालच्या गावांच्या ग्रामसभा आजवर आपापल्या चावडीत वेगळ्या भरल्या. वरच्या गावाने किती पाणी अडवायचं, मधल्या गावाने किती उपसायचं आणि खालच्याने कोणतं पीक घ्यायचं हे प्रश्न त्यांनी एका बैठकीत घेतले, तर त्या बैठकीच्या टेबलावर ठेवायला एक उभा नकाशा लागेल. हे लेखन त्या नकाशाची पहिली प्रत आहे. ती हवी तितकी खोडावी, दुरुस्त करावी, पण बैठक व्हावी.